चार वाजल्यानंतरचा फोटो

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. रस्त्यात दृष्ट उतरून टाकलेलं लिंबू ओलांडायला बायका घाबरायच्या, तेव्हा तेच लिंबू मी उचलून घरी सरबताला नेलेलं आहे. नवरा गेला तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. सगळे म्हणायला लागले, काहीतरी इच्छा राहिली असणार. मी म्हटलं, भर उन्हात कावळा कशाला येईल, थांबा जरा. थांबलो. आला.

माझं शिक्षण चौथी. मार्केट यार्डात तीस वर्षं कांदा-लसूण निवडला. हे सगळं मी स्वतः टाइप केलंय, दोन बोटांनी, अकरा दिवस लागले. माझ्या मुलीची मैत्रीण शबाना, तिने वाचून चुका तेवढ्या काढल्या. ती म्हणाली, "काकू, इथे लोक आपापले अनुभव लिहितात. तुमचाही टाका. कुणाला काही माहीत असेल तर सांगतील." म्हणून टाकतेय.

आम्ही धायरीत राहतो. म्हणजे राहायचो, मी आणि माझी मुलगी रंजना. दुसरा मजला, दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल. रंजना सत्तेचाळीस वर्षांची होती. लग्न केलं होतं, टिकलं नाही, परत आली. मी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. घरी बसून ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, वास्तुशांतीची कार्डं जुळवून द्यायची, म्हणजे मजकूर टाइप करून छापायला तयार करायची. शबानाची नाना पेठेत छपाई आहे, तिच्या वडिलांपासूनची. रंजनाने जुळवायचं, शबानाने छापायचं — वीस वर्षं दोघींचं असं चाललं होतं.

रोज चार वाजता चहा झाला की मी रंजनाशेजारी स्टुलावर बसायची आणि स्क्रीनवरची पत्रिका मोठ्याने वाचून दाखवायची. शिकलेली माणसं भरभर वाचतात, त्यांना चूक दिसत नाही. मी एकेक अक्षर लावून वाचते, म्हणून मला दिसते. एकदा एका पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या काकाचं नाव पडलं होतं. रंजनाने वाचलं, शबानाने वाचलं, मुलाच्या बापाने तर वाचून सही केली. मी म्हटलं, "रंजे, हा एवढा म्हातारा बोहल्यावर चढतोय का?" तेव्हापासून माझ्या वाचण्याशिवाय एकही पत्रिका छापायला गेली नाही.

पत्रिका झाली की रंजना मला एक फाइल उघडून द्यायची. तिचं नाव तिने ठेवलं होतं 'आईची पाटी'. त्यात मी रोज एक ओळ टाइप करायची, सवय व्हावी म्हणून. काय वाटेल ते. 'आज वांगी किडकी निघाली.' 'कुलकर्णीबाई जिना पुसत नाहीत.' कधी कधी माझ्या ओळीखाली तीही एक लिहायची. 'तू पूस की मग.' पाच वाजले की मी भाजी आणायला उठायची.

गेल्या वर्षी जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि तिने नवा लॅपटॉप घेतला. एक दिवस मला म्हणाली, "आई, गंमत बघ. हा दर थोड्या वेळाने आपणहून फोटो काढून ठेवतो. मागच्या आठवड्यात काय कुठे ठेवलं ते सापडतं."

"कुणाचा फोटो?"

"स्क्रीनचा गं."

"मी स्क्रीनसमोरच बसलेय ना? गाऊन घालून?"

"तुझा नाही गं आई! स्क्रीनवर जे दिसतंय ना, त्याचा."

"तुला काय माहीत कुणाचा काढतो ते."

ती हसून हसून टेबलावर पडली. मी उठले, तिच्या आरशावर चिकटवलेली एक टिकली काढली आणि लॅपटॉपच्या वरच्या बाजूला ते बारीक भोक असतं त्यावर लावली. "आता काढू दे म्हणावं."

तरी माझा भरवसा बसेना. मी सांगून टाकलं, तो फोटोवाला बंद असेल तरच मी वाचणार, नाहीतर तुझं तू वाच. रंजनाने दोन-तीन दिवस समजावलं, मग कंटाळली. रोज चारला मी बसले की ती कोपऱ्यातल्या चिन्हावर बोट दाखवायची. "हे बघ, थांबवलं. आणि तुझी पाटी ज्या प्रोग्राममध्ये आहे ना, तो सेटिंगमध्ये जाऊन यादीतच टाकलाय. त्याचा फोटो कधीच निघणार नाही. आता बसशील?"

"आणि पाचला?"

"पाचला महाराणी उठल्या की परत चालू."

हा लॅपटॉप उघडायला बोट लावावं लागतं. माझी बोटं लसणाने झिजलीत. रेशनच्या मशीनला माझा अंगठा लागत नाही, दुकानदार दर महिन्याला म्हणतो, "आजी, पुसून लावा." रंजनाने एक अख्खी दुपार घालवून माझी दहाही बोटं लावून पाहिली. शेवटी डावी करंगळी लागली. म्हणाली, "मी नसले तरी तुला उघडता आलं पाहिजे." ती छपाईला गेली असेल तेव्हा, असं तिला म्हणायचं होतं. तुम्ही दुसरा अर्थ काढू नका, तिने काढला नव्हता. तेव्हा त्या लॅपटॉपला दोघींचीच बोटं चालायची. हे लक्षात ठेवा.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, पत्रिकांची गर्दी होती. त्या दिवशी ती सकाळपासून छाती चोळत होती. चारला मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "आई, जळजळतंय गं."

मी म्हटलं, "दिवसभर त्या खुर्चीतून ढुंगण हलवत नाहीस, गॅस होईल नाहीतर काय होईल?"

"असेल," म्हणाली.

तिने फोटोवाला थांबवला. मी एक पत्रिका वाचली, बिनचूक होती. मग पाटी उघडली आणि मी टाइप केलं — 'रंजना ओवा खा.'

ती हसली. "लिहून देतेस म्हणजे आता डॉक्टरच झालीस."

"लिहून कशाला, आणूनच देते," म्हणून मी उठले.

ओव्याची बरणी जागेवर नव्हती. मागे गेली होती, डाळींच्या डब्यांच्या. सापडेपर्यंत थोडा वेळ गेला. किती, ते मला सांगता येत नाही... त्यावर मी फार विचार केलाय आणि मला सांगता येत नाही. चिमूटभर ओवा आणि मीठ मुठीत घेऊन बाहेर आले. रंजना खुर्चीत होती, डोकं भिंतीला टेकलेलं. मी म्हटलं, "हात पुढे कर." तिने केला नाही.

खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी धावत आले, त्यांनी गाडी काढली. कुलकर्णीबाई वर थांबल्या. टेबलावर चहा सांडला होता तो त्यांनी पुसला, लॅपटॉपचं झाकण लावलं, भिंतीतली पिन काढली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून खाली आपल्या दारात बसून राहिल्या. हे सगळं पाच वाजायच्या आत. मी आठला परत आले तेव्हा किल्ली त्यांच्या हातातच होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाच पस्तीसला सांगितलं. कागदावरही तीच वेळ आहे. पुढे कागदपत्रं होईपर्यंत मी बाहेर बाकावर होते. एक नर्स आली, माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "आजी, मुठीत काय आहे?"

ओवा होता. घामाने ओला झालेला. तो मी गाऊनच्या खिशात टाकला. तेव्हा कळलं, मी गाऊन घालूनच आलेय. त्या दिवशी मला सगळ्यांनी तसंच बघितलं आणि मला काही वाटलं नाही. तो ओवा अजून आहे, एका डबीत. तिच्या तोंडात त्यातला एक दाणाही गेला नाही. हेही लक्षात ठेवा.

नंतर लोक आले, बसले, म्हणाले, तिचं आयुष्यच तेवढं होतं. मी ओव्याचं कुणाला सांगितलं नाही. ती म्हणाली जळजळतंय, मी म्हटलं गॅस. मी त्याच वेळी कुलकर्णींना हाक मारली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते एक मी मनात बाजूला ठेवलं होतं. पण दुसरं जाईना. मी आत डबे उचकत होते तेव्हा बाहेर ती एकटी होती. त्या वेळात ती मला काय म्हणत असेल? एवढंच मला पाहिजे होतं. कुणाला विचारणार?

दोन महिने झाल्यावर मी शबानाला फोन केला. म्हटलं, लॅपटॉप घेऊन जा, तुझ्या कामाला येईल, मला तो समोर नको. ती दुपारची आली, खारीचा पुडा घेऊन. मी करंगळी लावून उघडून दिला.

"काकू, ही टिकली कशाला?"

मी सांगितलं. तिने डोक्याला हात लावला. "अहो काकू, कॅमेऱ्याचा आणि त्याचा काही संबंध नाही! रंजनाने सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

ती सेटिंग उघडून बघायला लागली आणि एकदम थांबली. "फोटो आहेत यात अजून. मुदत तीन महिन्यांची ठेवलीय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तीन महिने झाले की फोटो आपोआप पुसला जातो. रोज मागचा एक दिवस जातो."

"कुणाचा दिवस?"

शबाना म्हणाली, "रंजनाचा."

दोन महिने मी त्या टेबलावर चादर टाकून ठेवली होती आणि तिच्याखाली रोज एक दिवस जात होता. मी म्हटलं, "मुदत काढून टाक."

"काकू, ऐका. यात तिच्या बँकेचं असेल. गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन. एकाने तर नाव बरोबर पडावं म्हणून आधार कार्ड पाठवलं होतं. हे असं ठेवणं बरं नाही. सगळं पुसून बंद करू या."

"गिऱ्हाइकांचं पूस. तिचं ठेव."

"त्यासाठी एकेक फोटो बघावा लागेल."

"मग बघ. मला कुठे लग्नाला जायचंय?"

तिने मुदत काढली, 'कायम' केलं. आणि छपाई सोडून तीन दुपारी आली. ती स्क्रीनशी, मी स्टुलावर. लोकांचं निघालं की ती पुसायची. रंजनाचं निघालं की मी म्हणायची, थांब.

शेवटचे चार आठवडे उरले होते. काय काय बघायची पोरगी... मोगऱ्याच्या कुंड्या बघायची, घ्यायची नाही. गुडघ्याच्या पट्ट्या बघत होती, त्या माझ्या मापाच्या. आणि रोज चारला फोटोंची रांग तुटायची. तीन अठ्ठावन्न, तीन एकोणसाठ, मग एकदम पाच. मधे काही नाही. तिच्या दिवसातलं जेवण सोडून सगळं त्यात होतं. मी शेजारी बसायची तो तास तेवढा नव्हता. एका दिवसाचाही नाही. मीच बंद करायला लावला होता.

शबाना माझ्याकडे न बघता पुढचे फोटो काढत राहिली. बरं केलं.

तिसऱ्या दुपारी शेवटचे दोन दिवस निघाले. आदल्या दिवशी तिने शोधलं होतं — 'डावा खांदा आणि हात दुखणे.' खाली — 'छातीत जळजळ आणि घाम.' शेवटच्या दिवशी तीनच्या सुमाराला एका डॉक्टरची वेळ घ्यायचा फॉर्म उघडला होता. नाव भरलं, वय भरलं. 'काय त्रास होतो' तिथे रिकामं. पुढच्या फोटोत पत्रिका. कुणाच्या तरी लग्नाची घाई.

"तुला माहीत होतं?" मी शबानाला विचारलं.

"ॲसिडिटी म्हणाली मला. आई शप्पथ, काकू." ती रडायला लागली.

म्हणजे तिला शंका होती. आणि तासाभराने मी चहा घेऊन आले तेव्हा ती मला 'जळजळतंय' एवढंच म्हणाली, आणि मी गॅस म्हटल्यावर 'असेल' म्हणाली.

तीन अठ्ठावन्नचा फोटो आला. मी म्हटलं, "संपलं. बंद कर."

शबाना डोळे पुसत म्हणाली, "काकू, अजून एक आहे."

तो माझ्या पाटीचा फोटो होता. ज्या प्रोग्रामचा फोटो कधीच निघणार नव्हता, त्याचा. वरच्या ओळी मी ओळखल्या, वांगी, जिना, सगळ्या माझ्याच. सगळ्यांत खाली माझी शेवटची ओळ — 'रंजना ओवा खा.' आणि तिच्याखाली एक ओळ होती. मी माझ्या पद्धतीने एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचली.

'खाल्ला आई. बरं वाटतंय. तू जेवून घे.'

फोटोच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. तारीख त्याच दिवसाची. वेळ संध्याकाळी सहा बारा.

मी शबानाला म्हटलं, "नीट बघ." तिने नीट बघितलं. सेटिंग उघडलं. फोटोवाला त्या दिवशी चारला थांबवलेला, तो थांबवलेलाच होता. परत चालू करायला रंजना उरलीच नव्हती. पाटीचा प्रोग्राम यादीत होता, तसाच. मग तिने प्रत्यक्ष पाटी उघडली. तिच्यात माझीच ओळ शेवटची. खाली कोरं.

आम्ही दोघी खाली कुलकर्णीबाईंकडे गेलो. शबानाने हळूच विचारलं, त्या दिवशी लॅपटॉप कुणी उघडला होता का. बाई चिडल्या. "अहो, आमच्या टीव्हीचा आवाज कमी करायला मला ह्यांना हाक मारावी लागते! मी झाकण लावलं, पिन काढली, बस. आणि किल्ली माझ्या हातात होती, कुणी वर गेलेलं नाही." मग मला बघून आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या.

त्यांचं खरं आहे. कारण उघडायला बोट लागतं. दोघींचीच बोटं चालायची. सहा बाराला रंजना आणि मी, दोघीही दवाखान्यात होतो. एक बाकावर, एक आत.

शबानाने ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, घड्याळ चुकलं असेल. मी म्हटलं, मग त्याच दिवशीच्या बाकी फोटोंचं बरोबर कसं? आणि फाइलमध्ये नाही ती ओळ फोटोत कुठून आली? त्याने लॅपटॉप इकडून तिकडून बघितला आणि म्हणाला, "मावशी, काही सांगता येत नाही." पैसे घेतले नाहीत.

शबानाने तो फोटो छापून आणला. तिच्याकडे तेव्हा दुसरा जाड कागद नव्हता, पत्रिकेचा होता. त्यामुळे वर लाल गणपती आणि खाली 'रंजना ओवा खा.' तो कपाटात आहे.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला दिलासा मिळाला. मिळाला नाही. मला त्या ओळीचं काय करावं ते कळत नाही. ओवा तिने खाल्लेला नाही, तो डबीत आहे. बरं तिला वाटत नव्हतं, तेव्हा ती राहिलीच नव्हती. म्हणजे ती ओळ सरळसरळ खोटी आहे.

आणि खोटं बोलायची तिची जुनी सवय. शाळेतून भुकेलेली यायची, मी यार्डातून थकून आलेली दिसले की म्हणायची, मैत्रिणीकडे खाल्लं. सासरी होती तेव्हा दर आठवड्याला फोनवर, मजेत आहे. परत आली तेव्हा हातावर वळ होते. म्हणाली, दारात बोटं अडकली. मला सगळं कळायचं. मी बोलायची नाही. तिने खोटं सांगायचं आणि मी खरं मानल्यासारखं करायचं, असंच आमचं दोघींचं होतं.

म्हणून भूत वगैरे मी अजूनही मानत नाही. पण ती ओळ दुसऱ्या कुणी लिहिली असेल असं मला म्हणता येत नाही. दुसरं कुणी असतं तर खरं लिहिलं असतं. आई, तू उशीर केलास, असं लिहिलं असतं.

लॅपटॉप मी शबानाला दिला नाही. बँकेचं आणि लोकांचं सगळं तिने पुसून दिलं. मी तिला सांगून पाटीचा प्रोग्राम यादीतून काढायला लावला आणि फोटोवाला चालू करून घेतला. टिकली मी स्वतः काढली, नखाने खरवडून. आता रोज चारला बसते, एक ओळ टाइप करते. चार ते पाच आता बंद नसतो. पाचला कोपऱ्यातलं ते चिन्ह उघडून फोटो बघते. माझीच ओळ असते, खाली कोरं. त्यानंतर एकदाही काही आलेलं नाही.

तो एक फोटो कसा निघाला, मला माहीत नाही. शबानाला नाही, दुरुस्तीवाल्याला नाही. तुमच्यापैकी कुणाला यंत्रातलं कळत असेल तर लिहा. आत्म्याला शांती मिळो वगैरे लिहू नका, ते मी पुष्कळ ऐकलं.

काल चारला गाऊन घालूनच बसले. बराच वेळ काही सुचेना. मग टाइप केलं — 'जेवले. बरी आहे.'

दोन्ही खोटं आहे.